विश्लेषण : नायलॉनचा शोध लावणारे वॉलेस कॅरोदर्स कोण होते? आयुष्यभराच्या नैराश्याला त्यांनी कसे तोंड दिले?

दात घासायचा ब्रश, कपडे वाळत घालायची दोरी, मच्छरदाणी, पावसाळी छत्री, आणि बंदी असूनही संक्रांतीला दरवर्षी गळे कापणारा मांजा. या सगळ्यांत नायलॉन आहे. आपल्या स्वयंपाकघरात तर पातळ पोह्यांना ‘नायलॉन पोहे’ आणि एका प्रकारच्या साबुदाण्याला ‘नायलॉन साबुदाणा’ म्हणतात; त्यांत नायलॉन औषधालाही नसते. एखाद्या रसायनाचे नाव इतक्या खोलवर रुजल्याची उदाहरणे थोडी आहेत. मात्र ज्यांच्या प्रयोगशाळेत हा धागा जन्माला आला, त्या वॉलेस कॅरोदर्स यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. नायलॉन बाजारात येण्याआधीच, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तरुणपणापासून ते नैराश्याच्या आजाराशी झगडत होते. त्यांचे संशोधन काय होते, आजाराशी त्यांनी कसे जुळवून घेतले आणि त्यात काय कमी पडले, याचा हा आढावा.

रसायनशास्त्राकडे ते कसे वळले?

वॉलेस ह्यूम कॅरोदर्स यांचा जन्म २७ एप्रिल १८९६ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात, बर्लिंग्टन या गावी झाला. चार भावंडांत ते थोरले. वडील डे मॉइन शहरातील एका वाणिज्य महाविद्यालयात शिकवत. घरची परिस्थिती बेताची होती. मुलाने लवकर कमावते व्हावे, या हिशेबाने शाळा संपल्यावर त्यांना वडिलांच्याच महाविद्यालयात घातले गेले. तिथे त्यांनी जमाखर्च आणि कार्यालयीन कामकाजाचा अभ्यासक्रम पूर्ण केला.

पुढे १९१५ मध्ये ते मिझुरी राज्यातील टार्किओ या छोट्या महाविद्यालयात गेले. तिथे आर्थर पार्डी या प्राध्यापकांमुळे त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात पार्डी दुसरीकडे गेले आणि त्यांच्या जागी शिकवायला कोणी मिळेना. तेव्हा महाविद्यालयाने हे काम विद्यार्थी असलेल्या कॅरोदर्स यांच्यावरच सोपवले. स्वतःची पदवी हातात यायची असताना ते इतरांना रसायनशास्त्र शिकवत होते.

पदवी मिळाली १९२० मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी. त्यानंतर इलिनॉय विद्यापीठात त्यांनी रॉजर अ‍ॅडम्स यांच्या मार्गदर्शनाखाली सेंद्रिय रसायनशास्त्रात १९२४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. अ‍ॅडम्स हे त्या काळातले अमेरिकेतील आघाडीचे सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ. गुरुशिष्याचे हे नाते शेवटपर्यंत टिकले. इलिनॉयमध्ये दोन वर्षे अध्यापन केल्यावर १९२६ मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठात शिकवू लागले.

आजाराची चाहूल कधी लागली?

नैराश्याचे झटके त्यांना विद्यार्थिदशेपासूनच येत होते. काही आठवडे मन एकदम काळवंडे, कामावरून लक्ष उडे, आपण काहीच लायकीचे नाही असे वाटू लागे. मग हळूहळू ते ढग विरत आणि गडी पुन्हा जोमाने कामाला लागे. त्यात स्वभाव कमालीचा बुजरा. मोठ्या वर्गासमोर उभे राहून व्याख्यान देणे त्यांना शिक्षेसारखे वाटे. चार जवळच्या मित्रांत मात्र ते खुलत, विनोद करत.

नैराश्याला अनेकदा दुःख किंवा खचलेपणा समजले जाते. दुःखाला कारण असते आणि काळाबरोबर ते ओसरते. नैराश्याचा आजार मात्र सगळे सुरळीत असतानाही येऊ शकतो, पुन्हा पुन्हा उलटू शकतो. या अर्थाने तो मधुमेह किंवा दम्यासारखा दीर्घकालीन आजार आहे. फरक इतकाच की, मधुमेही माणसाला कोणी मन घट्ट करून साखर कमी कर, असे सांगत नाही. नैराश्याच्या रुग्णाला मात्र तसा सल्ला रोज मिळतो.

नोकरी घेण्याआधीच त्यांनी आजार सांगितला होता का?

हो, आणि त्या काळाचा विचार करता ही गोष्ट असामान्य आहे. डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन इथली ड्यूपॉन ही रसायन कंपनी १९२७ मध्ये एक वेगळा प्रयोग करत होती. कंपनीच्या रसायन विभागाचे प्रमुख चार्ल्स स्टाइन यांचा आग्रह होता की, लगेच विकता येईल अशा मालावरच नव्हे, तर मूलभूत प्रश्नांवरही कंपनीने संशोधन करावे. सेंद्रिय रसायनशास्त्राचा गट उभा करण्यासाठी त्यांना माणूस हवा होता आणि शोध कॅरोदर्स यांच्यापाशी येऊन थांबला.

कॅरोदर्स यांनी आधी नकार दिला. कारण त्यांनी आडपडदा न ठेवता कळवले. आपल्याला अधूनमधून मानसिक आजाराचे झटके येतात, त्या काळात कामाची क्षमता घटते आणि विद्यापीठापेक्षा कंपनीत ही अडचण जास्त बोचेल, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीने तरीही माघार घेतली नाही. स्टाइन यांचे सहकारी हॅमिल्टन ब्रॅडशॉ हार्वर्डला जाऊन त्यांना भेटले, समजूत काढली. हार्वर्डमध्ये त्यांना वर्षाला ३,२०० डॉलर मिळत होते. ड्यूपॉनने महिन्याला ५०० डॉलर देऊ केले. वर्ग घ्यायचे नाहीत आणि विषय स्वतः निवडायचा, हे आकर्षण त्याहून मोठे होते. फेब्रुवारी १९२८ मध्ये ते विल्मिंग्टनला रुजू झाले.

पहिल्या आठवड्यानंतर त्यांनी मित्राला लिहिलेले पत्र गमतीदार आहे. आपण आता कंपनीचे वेठबिगार झालो असून पहाटे उठून घाण्याला जुंपले जातो, असे रंगवून सांगताना प्रत्यक्षात दिवसभर विचार करणे, वाचणे, धूम्रपान करणे आणि गप्पा मारणे एवढेच काम असल्याची कबुली त्यांनी त्यात दिली.

तेव्हा रसायनशास्त्रात वाद कशावरून होता?

रबर, रेशीम, कापूस, सेल्युलोज हे पदार्थ नेमके कशाचे बनले आहेत, यावर १९२० च्या दशकात शास्त्रज्ञांत दोन तट होते. हेरमान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडले की, हे प्रचंड लांबीचे रेणू असून त्यांतील अणू साध्या रासायनिक बंधांनीच जोडलेले असतात. अनेक दिग्गजांना हे पटत नव्हते. त्यांच्या मते हे छोट्या रेणूंचे पुंजके होते आणि कुठल्या तरी अज्ञात बलाने ते एकत्र राहत होते.

कॅरोदर्स यांनी वाद घालण्याऐवजी लांब रेणू स्वतःच बांधून दाखवायचे ठरवले. आम्ल आणि अल्कोहोल यांची अभिक्रिया झाली की एस्टर तयार होते आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, हे बारावीच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते. कॅरोदर्स यांनी असे आम्ल घेतले ज्याच्या दोन्ही टोकांना आम्लगट आहे आणि असे अल्कोहोल घेतले ज्याच्या दोन्ही टोकांना अल्कोहोलगट आहे. रेल्वेच्या डब्याला पुढे-मागे दोन्हीकडे आकडा असतो म्हणून कितीही लांब गाडी जोडता येते, तसेच हे. प्रत्येक सांधा ओळखीच्या अभिक्रियेने जुळलेला असल्याने अज्ञात बलाला जागाच उरत नव्हती.

ही पद्धत यशस्वी ठरली. १९२९ पासून त्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांत पॉलिमर बनण्याचे दोन मार्ग स्पष्ट वेगळे केले गेले. पहिल्यात रेणू जुळताना पाण्यासारखा छोटा रेणू बाहेर पडतो, दुसऱ्यात काहीही बाहेर न पडता रेणू एकमेकांना जोडले जातात. संघनन आणि समावेशन बहुलकीकरण अशी त्यांची नावे आजही पाठ्यपुस्तकांत आहेत.

लांब साखळी बनवण्यात अडचण काय होती?

साखळीचे वजन पाच-सहा हजारांच्या पुढे जाईना. कारण गणितात होते, आणि ते गणित आज कॅरोदर्स यांच्याच नावाने ओळखले जाते. समजा १०० पैकी ९५ टोके जुळली. ऐकायला हे यश मोठे वाटते, पण साखळीची सरासरी लांबी तेव्हा अवघी २० कड्यांची असते. ९९ टोके जुळली तर लांबी १०० कड्यांवर जाते. म्हणजे खरा फायदा शेवटच्या काही टक्क्यांत असतो. तिथेच पाणी आड येते. तयार झालेले पाणी भांड्यात राहिले तर जुळलेले सांधे ते पुन्हा तोडते. एकीकडून जोडणी, दुसरीकडून तोडणी, आणि साखळी वाढायची थांबते.

त्यावर उपाय म्हणून रेणवीय ऊर्ध्वपातन यंत्र वापरण्यात आले. जवळजवळ निर्वात जागेत पदार्थ तापवायचा आणि सुटलेले पाणी लगेच थंड पृष्ठभागावर गोठवून कायमचे बाजूला काढायचे. पाणी गेले की जोडणी पुढे सरकते.

एप्रिल १९३० का महत्त्वाचा?

या एका महिन्यात कॅरोदर्स यांच्या गटात दोन मोठे शोध लागले. त्यांचे सहकारी अर्नोल्ड कॉलिन्स अ‍ॅसिटिलीनपासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करत होते. नोटर डेम विद्यापीठातील धर्मगुरू-रसायनशास्त्रज्ञ ज्युलियस न्यूलँड यांच्या आधीच्या संशोधनावर हे काम आधारलेले होते. कॉलिन्स यांना एक नवा द्रव मिळाला आणि तो ठेवला असता त्याचा घट्ट गोळा झाला. गोळा टाकला तर उसळला. ते कृत्रिम रबर होते. पुढे ते निओप्रीन नावाने प्रसिद्ध झाले. तेल आणि उन्हाने ते नैसर्गिक रबरासारखे लवकर खराब होत नाही, म्हणून यंत्रांचे पट्टे, नळ्या आणि पाणबुड्यांचे पोशाख यांसाठी ते आजही वापरले जाते.

महिन्याच्या अखेरीस ज्युलियन हिल यांनी रेणवीय ऊर्ध्वपातन यंत्रातून १२ हजारांहून अधिक रेणुभाराचे पॉलिएस्टर बाहेर काढले. वितळलेल्या पदार्थात काडी बुडवून ओढली तर धागा निघू लागला. गंमत पुढेच होती. थंड झालेला धागा पुन्हा ताणला की तो कित्येक पट लांब होई आणि तुटण्याऐवजी अधिक मजबूत व चमकदार बने. विस्कटलेले केस फणीने एका दिशेला बसावेत तशा त्यातील लांब साखळ्या ताणामुळे एका रांगेत येत होत्या. कॅरोदर्स प्रयोगशाळेत नसताना या मंडळींनी हा धागा मार्गिकेत धावत जाऊन ताणून पाहिल्याची आठवण सांगितली जाते.

मात्र हे पॉलिएस्टर १०० अंश सेल्सियसच्या आतच वितळत असे. गरम पाण्यात धुता न येणारे कापड कोण घेणार? धाग्याचे काम काही काळ बाजूला पडले.

मग नायलॉन कसे घडले?

मध्यंतरी स्टाइन यांच्या जागी एल्मर बोल्टन आले होते. विकता येईल अशा वस्तूंवर त्यांचा भर होता. त्यांच्या आग्रहामुळे कॅरोदर्स १९३४ मध्ये धाग्याकडे पुन्हा वळले. या वेळी एस्टरऐवजी अमाइड हा सांधा निवडला गेला. रेशीम आणि लोकर यांच्या प्रथिनांतही हाच सांधा असतो. शेजारच्या साखळ्या त्यामुळे एकमेकींना घट्ट धरून राहतात आणि पदार्थ सहज वितळत नाही. मे १९३४ मध्ये डोनाल्ड कॉफमन यांनी असा पहिला चांगला धागा ओढला.

त्यानंतर वेगवेगळ्या लांबीच्या कड्या जुळवून पाहण्याचा सपाटा सुरू झाला. कोणत्या जोडीत किती कार्बन अणू, यावरून त्यांना आकडे दिले जात. कॅरोदर्स यांची पसंती ५-१० या जोडीला होती. त्यातील एक घटक एरंडेल तेलापासून मिळतो. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी जेरार्ड बर्शे यांनी ६-६ तयार केले. त्यातील दोन्ही घटकांत सहा-सहा कार्बन अणू आहेत. ते २६० अंशांच्या वर वितळते आणि दोन्ही घटक दगडी कोळशातून मिळणाऱ्या बेंझीनपासून बनवता येतात. कच्चा माल मुबलक मिळेल, हे पाहून बोल्टन यांनी ६-६ ची निवड केली. हेच आपले नायलॉन.

या काळात पॉल फ्लोरी नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ कॅरोदर्स यांच्या गटात आला होता. साखळ्यांच्या लांबीचे गणित मांडण्यासाठी कॅरोदर्स यांनीच त्यांना प्रोत्साहन दिले. फ्लोरी यांना १९७४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आजाराशी जुळवून घेण्यासाठी कॅरोदर्स काय करत?

बाहेरून पाहता ही यशाची चढती कमान होती. आतले चित्र वेगळे होते. आजाराला तोंड देण्याचे त्यांचे मार्ग ढोबळमानाने दोन प्रकारचे होते. काहींनी त्यांना आधार दिला, काहींनी आजार वाढवला.

पहिला आधार मित्रांना लिहिलेल्या पत्रांचा. इलिनॉयच्या दिवसांतले मित्र, विशेषतः पुढे कॉर्नेल विद्यापीठात गेलेले जॉन जॉन्सन, यांना ते मनातले लिहीत. कधी थट्टा, कधी स्वतःवर ओढलेले कोरडे. मित्र आपल्यावर जीव लावतात आणि आपण मात्र त्याची साधी परतफेडही करत नाही, अशी खंत त्यांनी एका पत्रात व्यक्त केली आहे. हा स्वतःला दोष देण्याचा सूर आजाराचे लक्षणच होता, पण तो कागदावर उतरत होता आणि कोणीतरी वाचत होते, हे महत्त्वाचे.

दुसरा आधार सोबतीचा. काही वर्षे ते कंपनीतील आणखी तीन अविवाहित सहकाऱ्यांबरोबर शहराबाहेर एका घरात राहिले. बाकीचे तिघे नटूनथटून मेजवान्यांना जात आणि आपण मात्र तोंड पाडून घरी बसतो, असे त्यांनी एका पत्रात लिहिले होते. तरीही घरात माणसे होती. तिसरा आधार संगीत आणि वाचनाचा. चौथा अर्थातच कामाचा. प्रश्नाचे छोटे तुकडे करून एकेक सोडवण्याची त्यांची शिस्त बरे दिवस असताना मनालाही वळण देत असे.

आता दुसरी बाजू. सभेत बोलण्याची धास्ती घालवण्यासाठी ते दारू घेत. अमेरिकेत १९३३ पर्यंत दारूबंदी होती, तरी ती मिळत असे. मद्यामुळे काही तास मन सैल होते, पण नैराश्य त्याने अधिक गडद होते आणि झोप बिघडते. कॅरोदर्स यांच्याबाबतीत हेच घडत गेले.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म होती. आपले मोल त्यांनी पूर्णपणे शोधांशी बांधून टाकले होते. नवी कल्पना सुचली तर आपण जगायला लायक, नाही सुचली तर नाही. निओप्रीन आणि पॉलिएस्टरनंतरही आपण संपलो, आता काही सुचणार नाही, ही भीती त्यांना छळत राहिली. यश मिळाले की मन बरे होईल, असा हिशेब आजार मानत नाही.

त्या काळी उपचार कोणते होते?

१९३४ च्या उन्हाळ्यात कॅरोदर्स अचानक बेपत्ता झाले. नंतर कळले की ते बाल्टिमोरमधील एका मनोरुग्ण उपचार केंद्रात दाखल झाले होते. काही आठवड्यांनी परतून त्यांनी पुन्हा काम सुरू केले आणि त्यानंतर काही महिन्यांतच नायलॉन घडले. पुढे फिलाडेल्फियातील मानसोपचारतज्ज्ञ केनेथ अ‍ॅपेल त्यांच्यावर उपचार करत होते.

पण डॉक्टरांच्या हातात साधने थोडी होती. विश्रांती, संभाषण, वातावरण बदलणे, रुग्णालयात देखरेख, एवढ्यावर भागवावे लागे. विद्युत-उपचाराचा पहिला वापर इटलीत झाला १९३८ मध्ये. लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी दाखवला १९४९ मध्ये. नैराश्यावरील पहिली औषधे आली १९५० च्या दशकात. यांपैकी एकही गोष्ट कॅरोदर्स यांच्या हयातीत नव्हती. त्यांच्याकडे इच्छाशक्ती कमी होती असे नव्हे. त्यांच्या काळाकडे औषध नव्हते.

अखेरच्या दिवसांत काय झाले?

फेब्रुवारी १९३६ मध्ये त्यांनी हेलन स्वीटमन यांच्याशी लग्न केले. त्या ड्यूपॉनच्याच पेटंट विभागात काम करत. एप्रिलमध्ये कॅरोदर्स यांची अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली. उद्योगात काम करणाऱ्या सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. पण जूनमध्येच त्यांना फिलाडेल्फियातील मनोरुग्णालयात दाखल करावे लागले.

त्या उन्हाळ्यात हवापालटासाठी रॉजर अ‍ॅडम्स यांच्यासोबत आल्प्सच्या डोंगरांत भटकंतीला जाण्याची परवानगी डॉक्टरांनी दिली. ठरलेले दोन आठवडे संपल्यावर सोबती परतले, कॅरोदर्स मात्र कोणाला न कळवता एकटेच फिरत राहिले. सप्टेंबरमध्ये ते एकदम पत्नीच्या कामाच्या ठिकाणी येऊन उभे राहिले. त्यानंतर कंपनीने त्यांच्याकडून कामाची अपेक्षा ठेवली नाही. पगार आणि पद मात्र कायम ठेवले.

या शेवटच्या काळात धाकटी बहीण इझोबेल यांचा न्यूमोनियाने मृत्यू झाला. रेडिओवरील लोकप्रिय विनोदी त्रिकुटातल्या त्या एक कलाकार होत्या आणि भावाच्या अत्यंत लाडक्या होत्या. हा आघात कॅरोदर्स यांना पचवता आला नाही.

२९ एप्रिल १९३७ रोजी, ४१ व्या वाढदिवसानंतर दोन दिवसांनी, फिलाडेल्फियात आत्महत्येने त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांची मुलगी जेन जन्मली. बहिणीचा मृत्यू, कामाचा ताण, मद्य, आपण निरुपयोगी असल्याची भावना, यांतील कोणत्याही एका गोष्टीवर बोट ठेवून हेच कारण म्हणता येत नाही. आत्महत्येमागे बहुधा असे एकच कारण नसते. मूळ आजार उपचाराविना राहिला की प्रत्येक आघात दुप्पट जड होतो.

त्यांच्या मृत्यूनंतर नायलॉनचे काय झाले?

फेब्रुवारी १९३८ मध्ये नायलॉनच्या केसांचा दात घासायचा ब्रश विक्रीला आला. तोपर्यंत ब्रशला डुकराचे केस वापरले जात. ऑक्टोबर १९३८ मध्ये ड्यूपॉनने या धाग्याची जाहीर घोषणा केली. न्यूयॉर्क आणि लंडन यांची आद्याक्षरे जोडून हे नाव बनले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते, पण ती खरी नाही. कंपनीने बऱ्याच पर्यायांतून ते घडवून घेतले होते. १५ मे १९४० रोजी स्त्रियांचे पायमोजे अमेरिकाभर विक्रीला आले तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या. दुसऱ्या महायुद्धात हाच धागा हवाई छत्र्या आणि दोरखंडांकडे वळवला गेला.

श्टाउडिंगर यांना लांब रेणूंच्या सिद्धांतासाठी १९५३ मध्ये नोबेल मिळाले. तो सिद्धांत प्रयोगाने भक्कम करणारे कॅरोदर्स तोवर १६ वर्षांपूर्वी गेले होते, आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत. ड्यूपॉनने १९४६ मध्ये एका प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले. जेमतेम नऊ वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्या नावे ५० हून अधिक पेटंट जमा झाली होती.

आज या आयुष्याकडून काय घ्यावे?

प्रतिभा आणि वेड हातात हात घालून चालतात, असा एक लाडका समज आहे. कॅरोदर्स यांची कहाणी त्याच्या विरुद्ध साक्ष देते. त्यांचे शोध आजारामुळे लागले नाहीत. आजार मधे थांबला, मन मोकळे झाले, सहकारी सोबत होते, तेव्हा ते लागले. आजाराने त्यांचे महिने खाल्ले आणि शेवटी उरलेली सगळी वर्षे.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. नोकरीआधी आजार सांगूनही त्यांना काम मिळाले आणि आजारपणात ते टिकलेही. सुमारे शंभर वर्षांनंतर आपल्याकडे किती कर्मचारी असे सांगू शकतील, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कायदा त्यांच्या बाजूने थोडा सरकला आहे. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा संरक्षण देणे बंधनकारक केले. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार आणि पुनर्वसन मिळावे, अशी तरतूदही त्यात आहे.

तिसरी गोष्ट जवळच्या माणसांसाठी. कॅरोदर्स यांच्याभोवती प्रेम करणारी माणसे होती. पत्नी, गुरू, मित्र, डॉक्टर सगळे प्रयत्न करत होते. त्यांचे प्रेम कमी पडले नाही. त्यांच्या हाती परिणामकारक उपचार नव्हता. आज तो आहे. औषधे, समुपदेशन आणि नियमित पाठपुरावा यांनी नैराश्याचे बहुतेक रुग्ण सावरतात. मात्र उपचार मधेच सोडले तर आजार उलटू शकतो. म्हणून बरे वाटू लागले की गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे रक्तदाबाच्या रुग्णाइतकेच इथेही लागू आहे.

घरातले कोणी सतत स्वतःला निरुपयोगी म्हणत असेल, झोप-भूक बिघडली असेल, माणसांपासून तुटत चालले असेल किंवा मरणाच्या गोष्टी काढत असेल, तर ते थट्टेवारी नेऊ नये. शांतपणे विचारावे, ऐकून घ्यावे, एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे सोबत जावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते. कॅरोदर्स यांच्या काळात असा क्रमांक नव्हता.